जेवणाची घंटा आणि पियानो

माणसानं दारात हत्ती आणून बांधला, तरी वाईत फारसं कुणी दचकणार नाही. कुठल्या देवस्थानाचा, खातो काय, आंघोळ घरी का नदीवर, एवढ्या चौकशा करून लोक आपापल्या वाटेला लागतील. पियानोचं तसं नाही. आप्पासोंच्या घरी पियानो येणार एवढं नुसतं कळलं, आणि सोसायटीतल्या माणसांचा कामधंदा सुटला.

आप्पासो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. वर सोडलेलं पाणी खाली किती पोचतं, हे मोजण्यात त्यांची नोकरी गेली, आणि सोडलं तेवढं कधीच पोचत नाही हे ज्ञान घेऊन ते घरी बसले. त्यांची बायको मंगल पाचगणीच्या एका निवासी शाळेत मेट्रन होती. मुलगी प्रांजल आईच्या नोकरीमुळं त्याच शाळेत शिकली आणि तिथल्या पियानोला चिकटली, ती आजतागायत सुटली नाही. आता ती परदेशात वाजवते. तिकडं लोक तिकीट काढून येतात आणि खोकला आला तरी गिळतात म्हणे. आप्पासो मात्र कुणी विचारलं की 'मुलगी संगीत क्षेत्रात आहे' एवढंच सांगायचे. पुढचे प्रश्न टाळायला सरकारी माणसाला 'क्षेत्र' हा शब्द फार उपयोगी पडतो.

मंगलचं काळीज थकलं होतं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सगळे कागद वाचले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "प्रवास नको, दगदग नको. घरी न्या. त्यांना आवडेल ते करा." डॉक्टर चष्मा पुसायला लागला की समजावं. आप्पासोंना समजलं. घरी येऊन त्यांनी मंगलच्या उशाशी खुर्ची ओढली.

"काय करावंसं वाटतंय तुला? काय खायचं, कुणाला बोलवायचं, सांग."

मंगल उशीवर जरा वर सरकली. "प्रांजलची ती चीज पुरी ऐकायचीय," ती म्हणाली.

आता ही चीज म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. पोलंड देशातल्या कुणा छातीनं अधू माणसानं दोनशे वर्षांमागं रचलेली, संध्याकाळी दिवा लावायचा राहून गेलेल्या घरासारखी एक संथ चीज. शाळेत असताना प्रांजल रोज जेवणाआधी ती घोटायची. मंगल स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून ऐकायची. आणि चीज शेवटाकडं वळली की नेमकी जेवणाची वेळ व्हायची. घंटा वाजवायची कुणी? मेट्रननं. पितळेची, लाकडी मुठीची हातघंटा. घंटा झाली की पियानोचं झाकण बंद, पोरी रांगेत. स्वतःच्या लेकीसाठी घंटा लांबवली तर बाकीच्या पोरींच्या आयांनी काय म्हणावं? म्हणून मंगलनं वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी ती चीज स्वतःच्या हातानं तोडली. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं तिला तीच घंटा भेट दिली. आता ती तिच्या उशाशी होती. पाणी पाहिजे असलं की मंगल घंटा वाजवायची, आणि आप्पासो रांगेत उभं राहिल्यासारखे हजर व्हायचे.

"एवढंच ना? फोनवर लावतो की," आप्पासो म्हणाले. लावली. चीज जरा कुठं रंगात आली, आणि मधेच बोअरच्या मोटारीची जाहिरात सुरू झाली.

"बंद करा ते," मंगल म्हणाली. "डब्यात माशी कोंडल्यागत वाटतंय. मला समोर बसून ऐकायचंय. शेवटापर्यंत."

आप्पासोंनी प्रांजलला फोन केला. ती रजा काढून निघाली. राहता राहिला पियानो.

तळमजल्यावरच्या साळूबाई तेवढ्यात वाटीभर विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. "आवं आप्पासो, पियानो कशाला? आमच्या शंभूराजचा कॅसिओ हाय की माळ्यावर. त्याच्या दोन पट्ट्या मुक्या हायत, पण बाकीच्या लय बोलत्यात."

"पियानोच पाहिजे."

"मग शिराळ्यात माझ्या भावाचा बँजो हाय. नागपंचमीला सगळं गाव हलीवतो. वैनींचं काळीज त्यानं तरी चालू हुईल."

आप्पासोंनी विरजण दिलं आणि दार लावलं.

पाचगणीत एका बंद बंगल्यात एक काळा उभा पियानो होता. बंगल्याचा रखवालदार इंद्रजित मंगलला ओळखत होता. तिचं नाव ऐकल्यावर त्यानं किल्ली काढली आणि मालकाला फोनही लावून दिला. खाली आणायला टेम्पो मिळाला बिरदेवचा. हा मूळचा कवठे महांकाळचा, घरची मेंढरं. पावसानं दगा दिला की त्याचा बाप कळप घेऊन इकडं कृष्णेकाठी यायचा. बिरदेव एकदा आला तो टेम्पो घेऊन इथंच राहिला. टेम्पोत मेंढरं, स्ट्रॉबेरीच्या पेट्या आणि लग्नाची भांडी, असा त्याचा फेरा चालायचा. आदल्या फेरीला मेंढरं होती, हे टेम्पोजवळ गेल्यावर सांगावं लागत नव्हतं.

बिरदेवनं पियानोभोवती एक चक्कर मारली, त्याच्या पाठीवर थाप मारून बघितली आणि मेंढा बांधावा तसा तो चहूबाजूंनी बांधला. पसरणी घाटात एका वळणावर पियानोच्या पोटातून खोल आवाज आला. दुसऱ्या वळणावर त्याहून खोल. मागच्या गाडीतले पर्यटक काचा खाली करून फोन धरायला लागले.

"आप्पासो," बिरदेव हळूच म्हणाला, "ह्याला घाट लागतोय."

घाट उतरला, आणि खरी चढण सोसायटीच्या जिन्यात सुरू झाली. आप्पासोंचं घर वरच्या मजल्यावर. बिल्डरनं दाखवलेल्या नकाशात लिफ्ट होती. इमारतीत तिच्या जागी चपलांचं कपाट होतं. बिरदेव आणि त्याच्या गड्यांनी पियानो जिन्याच्या वळणापर्यंत नेला, आणि तिथं तो अडकला. वर जाईना, खाली येईना. वरच्या मजल्यावरची माणसं वर कोंडली, खालची खाली. दूध खालीच राहिलं, पेपर खालीच राहिला. सोसायटीचे चेअरमन दिग्विजयराव एका साखरपुड्याला निघालेले, पांढऱ्याशुभ्र कपड्यात. त्यांनी घड्याळ बघितलं, धोतरासारखा पायजमा आवरला आणि पियानोवर चढले. झाकण घसरून उघडलं. दिग्विजयराव पट्ट्यांवरून चालत पलीकडं उतरले. आमच्या सोसायटीतला पियानोवादनाचा पहिला मान असा त्यांच्याकडं गेला, पायांनी का होईना.

वरून घंटा वाजली. मंगलचा बारीक आवाज आला, "सुरू झालं का?"

"न्हाई अजून," आप्पासो जिन्यातून म्हणाले. "दिग्विजयराव खाली जातायत."

शेवटी कठड्याची एक सळई कापून पियानो उतरवला. आता ठेवायचा कुठं? साखरपुड्याहून परत आलेल्या दिग्विजयरावांच्या पोटात जेवण होतं आणि मनात औदार्य. नदीच्या घाटाला लागून एका ट्रस्टचा हॉल होता, आणि ट्रस्टवर दिग्विजयराव होते. ते कुठल्या ट्रस्टवर नव्हते, असं विचारणं सोपं.

"हॉल दिला," ते म्हणाले. "वहिनींना खुर्चीतनं तिथं नेऊ. पण आप्पासो, हॉल म्हटल्यावर कार्यक्रम आला."

"कार्यक्रम न्हाई हो. तिला एकटीला ऐकायचंय."

"एकटीसाठी हॉल उघडला तर उद्या प्रत्येक जण एकटा येईल."

या तर्कापुढं पाटबंधारे खात्यानं मान डोलावली.

कार्यक्रम म्हटल्यावर पोलीस परवानगी आली. अर्जात छापील रकाने होते: बँड, ढोल-ताशा, डॉल्बी, भजनी मंडळ. हवालदारानं सगळे रकाने वरपासून खालपर्यंत वाचले.

"यात कशात बसतंय हे तुमचं?"

"कशातच न्हाई."

"मग वाजवता येत न्हाई. उद्या तक्रार आली तर आम्ही जाऊन बंद काय करायचं?"

बऱ्याच चर्चेनंतर पियानो भजनी मंडळात बसला, आणि टाळकऱ्यांनी रस्ता अडवू नये या अटीवर परवानगी निघाली.

पुण्याहून एक सूर लावणारे गृहस्थ आले. त्यांनी पियानोच्या तळाची फळी काढली, आत बोट घातलं आणि हातावर लेंड्या घेऊन बराच वेळ विचार केला. पण काम चांगलं केलं. तोवर प्रांजल आली होती. ती आल्या आल्या आईच्या पांघरुणात पाय घालून बसली, आणि दोघी हसल्या. आप्पासो दारात उभे होते. आपण या घरात कधीतरी पाण्याची पाळी चुकवली आहे, असं त्यांना वाटून गेलं.

कार्यक्रमाच्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'भव्य रोमँटिक पियानोवादन'. त्या पोलंडवाल्याच्या काळातल्या संगीताला तसं म्हणतात, हे प्रांजलनं साध्या मनानं सांगितलं होतं, आणि ते दिग्विजयरावांनी त्याहून साध्या मनानं छापलं होतं. फ्लेक्सवर दिग्विजयरावांचा फोटो पुरुषभर उंच. प्रांजलचा पासपोर्टएवढा. पियानोच्या जागी कॅसिओ. शुभेच्छुकांची नावं खाली मुंग्यांच्या रांगेसारखी. आप्पासोंनी ती रांग बोट लावून वाचली. बिरदेवचं नाव होतं. साळूबाईंचंही होतं. त्यांचं स्वतःचं नव्हतं.

आप्पासो तडक घरी आले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि चार ओळी कागदावर लिहून खिशात ठेवल्या. बापाला बोलायला सांगतीलच की कुणीतरी.

संध्याकाळी मंगलला खुर्चीत बसवून जिना उतरवला. उतरवणारे तेच, बिरदेव आणि त्याचे गडी. खाली आल्यावर बिरदेवनं खुर्ची टेकवली आणि आपले हात बघत उभा राहिला. "वैनी लयच हलक्या झाल्यात," तो म्हणाला, आणि मग उगाच टेम्पोचं टायर बघायला गेला.

हॉल भरला होता. रोमँटिक शब्दानं आपलं काम केलं होतं. मंगल पुढं, पाठीला उशा, मांडीवर शाल, हातात घंटा. ती घंटा घरी ठेवायला तयार नव्हती. कार्यक्रम सुरू झाला, म्हणजे सत्कार सुरू झाले. आपल्याकडं सत्कार केल्याशिवाय कुठलाही आवाज काढता येत नाही. ट्रस्टींचा झाला. पोलिसांचा झाला. सूर लावणाऱ्यांचा झाला. बिरदेवला फेटा बांधला, तेव्हा तो मेंढरासारखा लाजला. पियानोलाही हार घातला, हळद-कुंकू लावलं आणि त्याच्यासमोर नारळ फोडला; नारळाचं पाणी खर्जाच्या पट्ट्यांवर गेलं, तेव्हा प्रांजल डोळे मिटून उभी राहिली. मग दिग्विजयराव बोलले. त्यांनी पियानोचा संबंध छत्रपतींच्या काळाशी कसा होता ते सांगितलं. कसा होता, ते त्यांचं त्यांनाही शेवटपर्यंत सापडलं नाही, म्हणून भाषण लांबलं.

आप्पासोंना कुणी बोलावलं नाही. ते पहिल्या रांगेच्या टोकाला, खिशावर हात ठेवून बसले होते.

शेवटी प्रांजल बसली आणि वाजवायला लागली.

पहिल्यांदा लोक चुळबुळले. ताल कुठं आहे ते सापडेना, टाळ्या कुठं द्यायच्या कळेना. एकानं उठून बक्षीस म्हणून नोट पियानोवर ठेवली आणि स्वतःचं नाव पुकारलं जाण्याची वाट बघत तिथंच उभा राहिला. साळूबाईंनी त्याला पदर धरून ओढावं तसं शर्ट धरून खाली बसवलं. आणि मग हळूहळू हॉल गप्प झाला. अंधारात कुणीतरी आपल्याच घरातलं बोलतंय, आणि ते काय बोलतंय ते माहीत आहे पण शब्द आठवत नाहीत, असं काहीतरी होतं ते. मंगलचे डोळे मिटलेले. घंटेचा लोलक तिनं दोन बोटांत घट्ट धरून ठेवला होता, चुकूनही वाजू नये म्हणून.

चीज चढली, उतरली, आणि थांबली. प्रांजलचे हात पट्ट्यांच्या वर अधांतरी राहिले.

ती रचणाऱ्यानं तिथं शांतता घातली होती. शेवटाच्या आधी चांगला मोठा श्वास. पण वाईच्या हॉलमध्ये शांतता म्हणजे माईक मोकळा. आणि संध्याकाळभर कोंडलेले आप्पासो उठले. कसे उठले ते त्यांनाही कळलं नाही. धरणाचा दरवाजा कुणी उघडला, याचा तपास नंतर होत असतो.

"उपस्थित मान्यवर," आप्पासो माईकवर म्हणाले, "एक बाप म्हणून चार शब्द."

झालं. टाळ्यांचा कडकडाट. लोकांना अखेर टाळ्यांची जागा सापडली होती. आप्पासोंनी कागद काढला आणि पाटबंधारे खात्यातल्या पहिल्या नेमणुकीपासून सुरुवात केली. दिग्विजयराव माईक जाताना पाहून घाईनं व्यासपीठावर चढले आणि त्यांनी प्रांजलला शाल घातली, ती नेमकी हातांवर. साक्षी नावाच्या नगरसेविकेनं आभार मानले. राष्ट्रगीत झालं. चहा आला.

गर्दी ओसरल्यावर प्रांजल वडिलांजवळ आली. "पप्पा, संपलं नव्हतं अजून."

"टाळ्या पडल्या की."

"थांबा होता तो. शेवट राहिला."

आप्पासोंच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांनी मंगलकडं बघितलं. मंगल हसत होती, दम लागेपर्यंत. "आज माझी घंटा ह्यांनी वाजवली," ती म्हणाली. मग प्रांजलच्या गालावरून हात फिरवून, "राहू दे गं. उद्या दुपारी वाजव. लोकं नसताना. ह्यांना घरी ठिवून येऊ."

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पासोंना जाग आली ती घंटा वाजली नाही म्हणून.

पुढचं सगळं जसं होतं तसं झालं. भावकी आली, रडली, जेवली. सुतक लागलं. आणि पियानोही सुतकात गेला. दिग्विजयरावांना हॉल कुणाच्या तरी हळदीला द्यायचा होता, पण सुतकातल्या घरची वस्तू हलवायला एकही गडी हात लावेना. हळदीवाल्यांनी पियानोवर चादर टाकली आणि त्याला पाठ करून नाचले. बिरदेव येऊन दारातून बघून जायचा. प्रांजलला परदेशातून फोन यायचे, ती बाहेर जाऊन बोलायची आणि आत येऊन चटईवर बसायची. बापाशी ती बोलत होती. जेवलात का, गोळी घेतली का. तेवढंच बोलत होती. रागावली असती तर आप्पासोंना बरं वाटलं असतं.

दहाव्याला घाटावर माणसं जमली. आप्पासोंनी मुंडण केलेलं, अंगावर ओलं धोतर. गुरुजींनी पिंड मांडले. शेजारी मंगलच्या आवडीचं ठेवलं: कांद्याची भजी, तिचा चष्मा, आणि ती घंटा. सगळे मागं सरकले आणि कावळ्याची वाट बघायला लागले.

कावळे होते. पिंपळावर भरपूर होते. पण एकही उतरेना.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "बोला कुणीतरी."

साळूबाई पुढं झाल्या. "मंगल, तुझ्या कुंड्यांना मी पाणी घालीन. तुझा तो जास्वंद मरू देणार न्हाई." कावळे बसून राहिले. साळूबाईंना वाटलं, घंटेनं बोलवावं. त्यांनी घंटा उचलून जोरात हलवली, तेव्हा होते नव्हते ते कावळेही उडून नदीपलीकडं गेले. ते परत यायला बराच वेळ लागला.

मग दिग्विजयराव हात जोडून उभे राहिले. "वहिनी, सोसायटीला लिफ्ट बसवतो."

पिंपळावरचा एक कावळा ओरडला आणि आणखी एक फांदी वर जाऊन बसला. लिफ्टचं कावळ्यांनाही माहीत होतं.

ऊन चढलं. मागं दुसऱ्या दहाव्याची माणसं खोळंबली होती. गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला आणि त्याचा कावळा वळायला घेतला. खरा येत नसला की दर्भाचा शिववतात.

"गुरुजी, थांबा," आप्पासो म्हणाले. "तिची काय इच्छा राहिली ते मला माहीत हाय. माझ्यामुळंच राहिली. पियानो वाजला पाहिजे."

घाटावर कुजबुज झाली. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "सुतकात वाद्य? न्हाई जमायचं."

"कावळा शिवला की वाजवा खुशाल," गुरुजी म्हणाले.

"पण वाजल्याशिवाय शिवायचा न्हाई तो."

"आणि शिवल्याशिवाय वाजवता येत नाही."

असा पेच आप्पासोंनी नोकरीत पुष्कळ बघितला होता. पाणी सोडल्याशिवाय कालवा तपासता येत नाही, आणि तपासल्याशिवाय पाणी सोडता येत नाही. त्यांनी घंटेकडं बोट केलं. "मघाशी ही वाजली, ती चालली?"

"घंटेची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? त्या पेटाऱ्यात तरी काय हाय? आत हातोड्या हायत, तारांवर बडवत्यात. मी बघितलंय आत."

गुरुजींनी हातातल्या अर्धवट कावळ्याकडं बघितलं, मागच्या खोळंबलेल्या माणसांकडं बघितलं, आणि आप्पासोंच्या तोंडाकडं बघितलं. मग दर्भ खाली ठेवला. "मी जरा पलीकडच्या पायरीवर हातपाय धुऊन येतो," ते म्हणाले. "तिकडं धार जोरात आहे. इकडचं काही ऐकू येत नाही."

प्रांजल आधीच उठली होती. ती पायऱ्या चढून हॉलमध्ये गेली. बिरदेवनं घाटाकडचे दोन्ही दरवाजे उघडले, आणि सुतकातल्या पियानोवरची चादर स्वतःच्या हातानं ओढून काढली.

चीज सुरू झाली. नदीवर ती हॉलपेक्षा लहान वाटत होती, पण स्वच्छ. जेमतेम सुरुवात झाली असेल, आणि पिंपळावरून एक कावळा सरळ खाली आला. त्यानं इकडंतिकडं बघितलं नाही. पिंडाला चोच मारली, भज्याचा तुकडा उचलला आणि उडाला.

"शिवला, शिवला," सगळीकडून आवाज उठले.

कावळा शिवला की काम संपलं. माणसं भराभर उठली. कुणी पाय धुवायला गेलं, कुणी चपला शोधायला लागलं. मागची माणसं आपलं ताट मांडायला पुढं सरकली. दिग्विजयराव आप्पासोंच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "सुटलात. चला, झालं."

"झालं न्हाई," आप्पासो म्हणाले.

कावळ्याला सुरुवात पुरली होती. ते त्यांना बरोबर कळलं. मंगलला आयुष्यभर तेवढंच पुरवून घ्यायची सवय होती; जे मिळेल ते ऐकायचं आणि उठून घंटा वाजवायची. तिचं भागलं. पण ते स्वतः कुठं जाणार होते? ते ओल्या धोतरानं तापलेल्या पायरीवर बसून राहिले. साळूबाई जायला निघाल्या होत्या, त्या परत फिरल्या आणि दोन पायऱ्या सोडून टेकल्या.

चीज चढली, उतरली. आणि थांबली.

तीच ती शांतता. घाटावर भांडी वाजत होती, कुणीतरी कुणाला दुधाचं विचारत होतं. साळूबाईंनी बोलायला तोंड उघडलं. आप्पासोंनी त्यांच्याकडं न बघता हात वर केला, आणि दुसऱ्या हातानं खांद्यावरचं उपरणं स्वतःच्या तोंडात कोंबलं. ते तसेच बसले होते. इतका वेळ ती पोरगी थांबते कशी, आणि तिच्या आईनं हे इतकी वर्षं सोसलं कसं, असं काहीबाही त्यांच्या मनात येत होतं.

मग शेवट आला. मोठा काही नव्हता. सुरुवातीचेच दोन-चार सूर, खालच्या अंगानं, एखाद्यानं जाताजाता दार हळूच लोटून घ्यावं तसे. बस, एवढाच.

आप्पासोंनी तोंडातलं उपरणं काढलं. मंगल अशा वेळी काय म्हणाली असती, ते त्यांना नक्की माहीत होतं: एवढाच होता व्हय, आणि आपण उगं किती घाई केली. ऐकायला म्हणून ते वळले. दोन पायऱ्या सोडून साळूबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

सूर पुरता विरेपर्यंत ते थांबले. मग वाकून त्यांनी पिंडाजवळची घंटा उचलली आणि मेट्रन वाजवायची तशी, मनगटानं, एकदाच वाजवली.

वर हॉलमध्ये पियानोचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला. जरा वेळानं प्रांजल दारात आली, पायऱ्या उतरून बापाजवळ उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला.

"चला पप्पा," ती म्हणाली. "जेवायची वेळ झाली."